यंत्रमानव कोणासाठी?

साथीच्या रोगाचा घाव शुश्रूषा करणाऱ्यांनाही चुकत नाही, हा जगाचा जुना अनुभव आहे. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत इबोलाने अकरा हजारांहून अधिक बळी घेतले. त्यांत पाचशेहून अधिक आरोग्यसेवक होते. कोविडच्या साथीत जानेवारी २०२० ते मे २०२१ या अवधीत जगभरातील सुमारे १ लाख १५ हजार आरोग्यसेवक मृत्युमुखी पडले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे आकडे समोर असता यंत्रमानवाचा विचार ही केवळ नवलाईची बाब राहत नाही. तो कर्तव्याचा प्रश्न होतो.

यंत्राला रोग जडत नाही, हा त्याचा मोठाच गुण होय. अमेरिकेतील पहिला ज्ञात कोविड रुग्ण जानेवारी २०२० मध्ये एव्हरेट येथील रुग्णालयात दाखल झाला, तेव्हा कॅमेरा आणि स्टेथोस्कोप बसविलेल्या यंत्रमानवाच्या साह्याने डॉक्टरांनी त्याला खोलीबाहेरून तपासले. त्याच वर्षी रुवांडाच्या किगाली शहरात यंत्रमानव उपचारकेंद्रात रुजू झाले. केरळात एर्नाकुलमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात यंत्रमानव रुग्णांना अन्न व औषधे पोचवू लागला, तर आपल्या पुणे स्थानकावर ‘कॅप्टन अर्जुन’ प्रवाशांचे तापमान मोजू लागला. एकेक फेरी वाचली की संसर्गाचा एकेक प्रसंग टळतो. अंगावर चढवावयाचा संरक्षक पोशाखही वाचतो.

तथापि, यंत्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. अतिनील किरणांनी खोली निर्जंतुक करणारे डॅनिश यंत्रमानव २०२० मध्ये चीनमधील रुग्णालयांत गेले. परंतु हे किरण सरळ रेषेत जातात. खाटेखाली, कपाटाआड, जेथे सावली पडते तेथे जंतू सुखरूप राहू शकतात. ती सावलीतली जागा अखेर फडके घेतलेल्या मावशींनाच पुसावी लागते. यंत्राचा गौरव करताना या मावशींचा विसर पडावा, हे आम्हाला मुळीच मान्य नाही. दूषित कपडे, रुग्णालयाचा कचरा, सांडपाणी यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांच्या धोक्याची गणती सर्वांत शेवटी होते. म्हणूनच यंत्रमानवाच्या खरेदीची पहिली कसोटी आमच्या मते एकच आहे: त्याने कोणाचा धोका कमी केला? दारात उभे राहून पाहुण्यांना नमस्कार करणाऱ्या यंत्रापेक्षा कचऱ्याची गाडी ओढणारे यंत्र शतपटीने श्रेष्ठ होय.

दुसरी कसोटी रुग्णाची. एकांतात पडलेल्या रुग्णाला औषधाइतकीच माणसाच्या शब्दाची गरज असते. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले आणि त्यातच त्यांना मरण आले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अशा मरणाची पुनरावृत्ती होऊ नये यासाठीच यंत्र हवे. त्या मायेतून सुटका मिळावी म्हणून नव्हे. ताट पोचविण्यात वाचलेला परिचारिकेचा वेळ रुग्णाच्या विचारपुशीकडे वळला पाहिजे. तो नोकरकपातीकडे वळला, तर ते यंत्र रुग्णाचे वैरी ठरेल.

आणि ही सर्व तयारी साथ नसतानाच व्हावयास हवी. जागतिक आणीबाणी मे २०२३ मध्ये संपली असे जाहीर झाले, आणि तेव्हापासून या विषयाची निकडही ओसरली. परंतु घाईत आणलेले यंत्र चालविणार कोण, दुरुस्त करणार कोण? महापालिकेने आणि राज्य सरकारने आपल्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयांत आताच थोडी, पण उपयुक्त यंत्रे आणावीत, ती रोजच्या कामात वापरावीत आणि ती हाताळण्याचे शिक्षण परिचारिकांना व सफाई कामगारांना द्यावे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय जुनी आहे. पण साथीच्या रोगात त्या तहानेची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी प्राणांनी मोजावी लागते.