पाव कसा होतो?

'इनसाइड द फॅक्टरी' ही बीबीसीची मालिका तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. २०१५ साली ती पाव, चॉकलेट आणि दूध अशा तीन भागांनी सुरू झाली. सूत्रसंचालक डोक्याला जाळी लावून कारखान्यात शिरतो आणि कच्चा माल येण्यापासून पाकीट ट्रकवर चढेपर्यंत आपल्याला फिरवून आणतो. मला ही मालिका आवडते, हे आधीच कबूल करतो. पट्ट्यावरून रांगेने सरकणारे पाव बघताना वेळ कसा जातो कळत नाही.

परवा नातवाला पावाचा भाग दाखवला. तो विचारतो, "आजोबा, आपल्या पोदेराकडे एवढं मोठं मशीन आहे?" मी नाही म्हटलं. "मग त्याचा पाव चांगला कसा?"

घ्या! या प्रश्नाने मात्र मी अस्वस्थ झालो.

१९६१ साली इंग्लंडमधल्या चोर्लीवूडच्या संशोधकांनी एक पद्धत काढली. पीठ काही मिनिटं प्रचंड वेगाने मळायचं, त्यात जास्त यीस्ट, थोडी घट्ट चरबी आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालायचं. मग ते तासन्‌तास फुगत ठेवावं लागत नाही. साधारण साडेतीन तासांत पिठाचा कापून बांधलेला पाव तयार. तिथल्या कमी प्रथिनांच्या गव्हाचाही पाव होऊ लागला, स्वस्त झाला. गरिबाच्या घरी पाव पोचला, तर त्याला मी नावं ठेवणार नाही.

पण अशा मालिका 'कसं' हे हौसेने दाखवतात, 'का' हे क्वचित विचारतात. ही घाई कशासाठी? वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडला? आणि चवीचं काय झालं? कॅमेरा कारखानदाराच्या परवानगीनेच आत गेलेला. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने आमटी खारट झाली असं म्हणायचं नसतं!

आमच्या गोव्यात पूर्वी पीठ माडाच्या सुरेने फुगवत. आता बहुतेक भट्ट्यांत यीस्टच आहे आणि मळायला यंत्रही आलं आहे. तेव्हा 'आमचं तेवढं शुद्ध' असा टेंभा मिरवण्यात अर्थ नाही. फरक एवढाच, की पोदेराच्या भट्टीत डोकवायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नातवाला तिथे घेऊन गेलो. कोंडा लावलेल्या पोया लांब दांड्याच्या फळीवरून आत जात होत्या, टम्म फुगून बाहेर येत होत्या. पोराने डोळे विस्फारले. त्याने पोदेराला विचारलं, "तुमचा मुलगा कुठे आहे?"

"बोटीर," पोदेर म्हणाला. "म्हज्या उपरांत हांगा कोण ना."

मालिका जरूर बघा. पण घरात लहान मूल असेल, तर त्याला एकदा भट्टीवरही नेऊन आणा. टीव्हीवरचा कारखाना पुन्हा कधीही बघता येईल. भट्टीचं तसं नाही.