पाच वाट्या

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी घरी चीज फॉन्ड्यू केला. घर म्हणजे अकोल्याचं जुनं शहर, राजराजेश्वराच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर. स्टेटसला फोटो ठेवला आणि दहा मिनिटांत दोन मेसेज आले. मामानं लिहिलं, "पिठलं धड जमत नाही अन् ही थेरं." पुण्यात शिकलेल्या एका मित्रानं लिहिलं, "प्रोसेस्ड चीजचा फॉन्ड्यू नसतो गं, त्याला चीज सॉस म्हणतात."

दोघांशीही मी भांडणार आहे, पण थोडंच. मला खरं भांडायचंय ते फोटोत न आलेल्या पाच स्टीलच्या वाट्यांशी.

आधी मामा. त्याचं म्हणणं, हे आपलं नाही. बरोबर आहे. मिरचीही आपली नव्हती, शेंगदाणाही नव्हता. दोन्ही पिकं अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या काळानंतर इकडे रुजलेली. आणि आज मिरची-शेंगदाण्याचा ठेचा म्हणजे वऱ्हाडी माणसाचा स्वाभिमान! बरं, फॉन्ड्यू स्वित्झर्लंडचा तरी किती जुना? चीज वाइनमध्ये शिजवायची १६९९ सालची कृती झुरिकच्या एका पाकपुस्तकात आहे, हे खरं. पण पुढे तो मुख्यतः त्या देशाच्या फ्रेंच बोलणाऱ्या पश्चिम भागातलाच पदार्थ होता. १९१४ मध्ये स्थापन झालेली स्विस चीज युनियन चीजचं उत्पादन आणि भाव ठरवायची. खप वाढावा म्हणून तिनं १९३० च्या दशकात फॉन्ड्यूला ‘राष्ट्रीय पदार्थ’ करून टाकलं. ही संस्था १९९९ मध्ये बंद झाली, पदार्थ मात्र राष्ट्रीयच राहिला. ‘आपलं’ असं जाहिरातीनंही होतं.

आता पुण्याचा मित्र. तो ज्या प्रोसेस्ड चीजला नाक मुरडतो, ते स्वित्झर्लंडमध्येच जन्मलं. १९११ मध्ये थून गावात वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीज सोडियम सिट्रेट घालून वितळवलं आणि टिकाऊ केलं. यामागची युक्ती फॉन्ड्यूचीच आहे. चीजमधली प्रथिनं कॅल्शियमनं एकमेकांना धरून असतात. नुसतं तापवलं तर त्यांचा रबरासारखा गोळा होतो आणि तूप बाजूला सुटतं. वाइनमधलं आम्ल ती पकड सैल करतं आणि थोडा स्टार्च गोळा होऊ देत नाही. प्रोसेस्ड चीजमध्ये हे काम सिट्रेट किंवा फॉस्फेटच्या क्षारांनी कारखान्यातच उरकलेलं असतं. म्हणजे अमूलचा ठोकळा हा अर्धा करून ठेवलेला फॉन्ड्यूच आहे. शिवाय पारंपरिक ग्रुयेर चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. ते आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नव्हतं.

तर कृती. जाड बुडाची कढई घ्या. मातीचं भांडं थेट गॅसवर ठेवू नका, तडकतं. माझं पहिलं तसंच गेलं. लसणाची पाकळी चिरून कढईला आतून घासा. पाऊण वाटी दूध कोमट करा आणि त्यात चमचाभर कॉर्नफ्लॉर थंड दुधात कालवून घाला. मग २०० ग्रॅम किसलेलं चीज मूठ-मूठ सोडत, मंद आचेवर, एकसारखं ढवळत राहा. स्विस लोक इंग्रजी आठच्या आकड्यासारखं ढवळतात. माझी आई पिठल्यात बेसन सोडते तेव्हा तिचाही हात तसाच फिरतो, तिला कुणी सांगितलेलं नाही. घट्ट झालं तर दूध वाढवा. दोन-चार थेंब लिंबू, मिरपूड, जायफळाचा एक कीस.

हर्ब्ज म्हणून ती पाकिटातली वाळकी पुडी आणू नका. सांबार घ्या. (वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी: आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, आणि तुमच्या सांबाराला नाइलाजानं सांबारच.) बारीक चिरलेला सांबार, पुदिन्याची चार पानं, एक हिरवी मिरची, आणि हातावर चोळलेला ओवा. युरोपात थाइम घालतात. थाइमचा वास ज्या थायमॉलचा, त्याच थायमॉलचा ओव्याचा. हे सगळं गॅस बंद केल्यावर घालायचं, नाहीतर हिरवा रंग जातो. बुडवायला मी आदल्या दिवशीचे रोडगे फोडून घेतले. पावापेक्षा सरस, कारण रोडगा त्या गरम चीजमध्ये विरघळत नाही, झुंजतो. काटे नव्हते, म्हणून भरतासाठी वांगी टोचायच्या लोखंडी सळया घासून घेतल्या.

सगळे कढईभोवती बसलो. आजी, आई, भाऊ, मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण.

आजीनं कढईत डोकावून पाहिलं. "हे कायचं पिठलं होय वं?" मी सांगितलं, चीजचं. ती हसली, वास घेतला, म्हणाली चांगला येते. मग मी सगळ्यांना एकेक सळई दिली आणि कसं बुडवायचं ते दाखवलं. आजीचा चेहरा बदलला.

"एकाच भांड्यात समदे बुडवतीन? उष्टं नाही होनार का? ज्याले त्याले वाटीत वाढून दे नं."

तिचा आवाज चढलेला नव्हता. आई उठली, मांडणीवरून पाच वाट्या आणल्या. आणि मी पाहिलं की माझ्या मैत्रिणीनं वाटी घ्यायला हात आधीच पुढे केलेला होता. आईनं वाटी उचलायच्याही आधी. आजीचं वाक्य संपायच्या आत.

एवढी सवय.

आमच्या घरात तिचा कप वेगळा होता. स्टीलच्या कपांच्या रांगेत न बसणारा, कान तुटलेला, चिनी मातीचा, खिडकीत ठेवलेला. तो तिचा आहे हे मला आठवीत कळलं. तिला कधी कळलं ते मी विचारलेलं नाही. पुढे कप फुटला आणि प्रश्न मिटला असं मी धरून चालले. त्या रविवारीही मी काही बोलले नाही. वाट्या भरल्या. दहा मिनिटांत चीज थिजलं, पाच वाट्यांत पाच पिवळ्या चकत्या झाल्या. फॉन्ड्यू वाटून खाता येत नाही, तो फक्त एकत्रच गरम राहतो. फोटो मी वाट्या येण्याआधी काढला होता.

तेव्हापासून हे डोक्यात आहे, आणि ज्यांच्याशी याबद्दल बोलले त्यांनी मला एकच शब्द दिला: हायजीन. आता कोरोनानंतर कोण एका भांड्यात बुडवतं? शहरांतल्या कॅफेंतही एकेकट्यासाठी छोटा फॉन्ड्यू मिळतो, खाली मेणबत्ती, वर वाटीभर चीज. सुटसुटीत. छान फोटो येतो. ज्या पदार्थात एका भांड्याभोवती बसणं हीच मुख्य गोष्ट, ती काढून उरलेलं चीज विकायचं.

जंतूंचा मुद्दा खोटा नाही. सर्दी-तापात एका भांड्यात बुडवू नये. फॉन्ड्यूची रीतही तीच सांगते: काटा ओठांना लावायचा नाही, दातांनी तुकडा अलगद ओढून घ्यायचा. पण आपल्या हायजीनचं वागणं बघा. गांधी रोडवर पाणीपुरीवाला कोपरापर्यंत हात मडक्यात घालतो तेव्हा ते झोपलेलं असतं. लग्नाच्या पंगतीत एकच पळी दोनशे पानांवरून फिरते, तेव्हाही. नवरा-बायकोच्या उष्ट्याला तर आपण प्रेम म्हणतो. हे हायजीन नेमकं काही हातांपाशी येऊन जागं होतं. त्या हातांना कुठला रोग झालाय ते सांगा, मी वाट्या काढते. विटाळ हा शब्द उच्चारायची आता लाज वाटते, म्हणून त्याला साबणाचा वास लावलाय.

हे सांगताना मी दुसऱ्या कुणाच्या घराकडे बोट दाखवत नाही. २०११-१२ च्या इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हेमध्ये लोकांना थेट विचारलं होतं, तुमच्या घरात अस्पृश्यता पाळतात का. नाही म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न होता: अनुसूचित जातीच्या व्यक्तीनं तुमच्या स्वयंपाकघरात आलेलं, तुमची भांडी वापरलेली चालेल का? दोन्ही प्रश्न मिळून देशातल्या सुमारे २७ टक्के घरांतून ती पाळली जात असल्याचं दिसलं. मला तो दुसरा प्रश्न लिहिणाऱ्याचं कौतुक वाटतं. त्याला भांडी माहीत होती. आमच्या घरी कुणी आलं असतं, तर आम्ही दोन्ही प्रश्नांना योग्य उत्तर दिलं असतं आणि खिडकीतल्या कपात चहा पाजला असता.

आणि हे कुठे? वऱ्हाडात. अकोल्याहून लोक पायी शेगावला जातात. गजानन महाराजांची पोथी आमच्या घरात दर गुरुवारी वाचली जाते. त्या पोथीत महाराज पहिल्यांदा दिसतात, २३ फेब्रुवारी १८७८ ला, ते काय करत असताना? लोकांनी बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खात असताना. सगळी गोष्ट उष्ट्यापासून सुरू होते. आणि प्रसाद कसला, तर पिठलं-भाकरीचा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या डेबूजीला तर जगानं त्याच्या हातातल्या फुटक्या गाडग्यावरून ओळखलं. कुणाच्याही दारचं तुकडा-कालवण त्या एका गाडग्यात पडायचं. उष्ट्याचं भय मोडणारी दोन माणसं ज्या मातीनं पाहिली, तिथे आम्ही फोटोला हार घालतो आणि वाट्या मोजतो.

मामा म्हणतो पिठलं आपलं. मग पिठल्याचा इतिहास तरी त्याला कुठे माहीत आहे? पत्रकार अनंत हरी गद्रे यांनी १९४० च्या दशकात ‘झुणका-भाकर सत्यनारायण’ सुरू केले. पूजेला दलित जोडपं बसवायचं, आणि मग सगळ्या जातींनी एकत्र झुणका-भाकर खायची. साधं बेसन, पण कुणाबरोबर खाल्लं यानं ते स्फोटक झालं. फॉन्ड्यूही तेवढाच साधा आहे. त्याचं आमच्या घरात काय झालं, ते चीजमुळे झालं नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो माझ्यापेक्षा फार मोठ्या माणसाचा आहे. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी स्वच्छ लिहिलंय की सहभोजनांनी जात मरत नाही, खरा उपाय आंतरजातीय लग्नांचा, आणि त्याच्याही मुळाशी शास्त्रांवरची श्रद्धा आहे. खरंच आहे ते. फॉन्ड्यूनं जात मोडत असती तर... जाऊ द्या. पण मग मला एवढंच विचारायचंय: एकत्र जेवण्यानं काही बिघडतही नाही आणि घडतही नाही, तर एका कढईत पाच सळया बुडवताना आमच्या घराचा श्वास का अडकला?

गणपतीच्या सुट्टीत मी पुन्हा केला. मुद्दाम. वाट्या माळ्यावर टाकल्या. आजी म्हणाली, "माह्यासाठी पहिलेच काढून ठेव." मी काढून ठेवलं. तिच्या वयाशी काय भांडायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे हिंमत झाली नाही. भाऊ आणि आम्ही दोघी कढईवर तुटून पडलो. आईनं सगळ्यांत आधी एक तुकडा बुडवला, खाल्ला, "मस्त झालंय" म्हणाली आणि पोट भरल्याचं सांगून बाजूला बसली. एकच तुकडा, सगळ्यांच्या आधी. मैत्रिणीनं ते पाहिलं की नाही मला माहीत नाही. शेवटी तळाला खरपुडी धरली, तिला स्विस लोक सगळ्यांत मोठा मान देतात, आणि ती आम्ही तिघांनी उलथन्यानं खरवडून खाल्ली. मला वाटलं, जमलं.

हा लेख लिहून झाल्यावर मी तिला वाचायला पाठवला. कपाचं लिहू की नको, हे तिनंच ठरवावं म्हणून. तिनं दोन दिवसांनी फोन केला.

"कपाचं राहू दे," ती म्हणाली. "पन एक सांग. तुया घरी मी पाचवीपासून येऊन राहिली. तू माया घरी कधी जेवली?"

मी आठवत राहिले. चहा एकदा. नाही, सरबत. तिच्या बहिणीच्या लग्नात मी हॉलवर जेवले होते.

"तुया कढईत मले बुडवू देनं म्हंजे तू मोठी झाली का? माही आई भरीत-भाकर करते. ये."

लेखात हे घालू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, आधी ये.

येत्या रविवारी जाणार आहे. घरी अजून सांगितलेलं नाही.