विश्लेषण : साइट वायफायवर उघडते, मोबाइल डेटावर नाही, असं का होतं?

फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे. घरच्या वायफायवर साइट उघडते, मोबाइल डेटावर मात्र नुसतं चक्र फिरत राहतं. दोष साइटचा, कंपनीचा की फोनचा? कधी कधी तिन्ही सुरू असतात, फक्त त्यांच्या पत्त्यांची आवृत्ती जुळत नाही.

दोन प्रकारचे पत्ते कशासाठी?

इंटरनेटवर बोलायला आयपी पत्ता लागतो. जुन्या आयपीव्ही४ मध्ये सुमारे ४३० कोटी पत्ते होते. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. ६ जून २०१२ रोजी मोठ्या साइट्स आणि इंटरनेट कंपन्यांनी आयपीव्ही६ कायमचं सुरू केलं. यात पत्ते संपायची भीती नाही. अडचण एवढीच की, ही दोन्ही एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत. मध्ये दुभाषी लागतो.

भारतात प्रश्न कुठे येतो?

दूरसंचार विभागाने २०१० मध्येच आयपीव्ही६चा आराखडा आणला. २०१६ मध्ये जिओ आल्यावर मोबाइलवर त्याचा वापर झपाट्याने वाढला. आज भारत यात जगातल्या आघाडीच्या देशांमध्ये आहे. पण अनेक साइट्स, जुने राउटर आणि कॅमेरे अजून आयपीव्ही४वरच आहेत. काही साइट्स आयपीव्ही६ पत्ता नोंदवतात, पण त्या पत्त्यावर सर्व्हर नीट उत्तर देत नाही. ब्राउझर सहसा दोन्ही पत्ते आजमावतो. काही ॲप मात्र एकाच पत्त्यावर अडून बसतात.

ओळखायचं कसं?

• तीच साइट वायफाय आणि डेटा, दोन्हींवर उघडून पाहा. एकीकडे चालत असेल तर साइट पूर्ण बंद नाही.
• व्हीपीएन सुरू असेल तर बंद करून पाहा.
• अँड्रॉइड फोनमध्ये एपीएन सेटिंगमधला प्रोटोकॉल ‘आयपीव्ही४/आयपीव्ही६’ असा आहे का, ते तपासा.
• संगणकावर पिंग दोन्ही आवृत्त्यांसाठी वेगळं देता येतं. ४ला उत्तर येतं, ६ला नाही, तर संशय पक्का होतो. पण काही सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देऊ नका.

घरचा सीसीटीव्ही बाहेरून दिसत नसेल तर कारण वेगळं असू शकतं. कंपनी एकच आयपीव्ही४ पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या घरापर्यंत पोहोचता येत नाही.

आयपीव्ही६ बंद करून टाकावं का?

तात्पुरतं काम निघेल, पण दुखणं तिथेच राहील. दुरुस्ती साइट चालवणाऱ्याने करायची असते. म्हणून तक्रार करताना ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहू नका. ‘अमुक वेळी, अमुक नेटवर्कवर अडकते, वायफायवर उघडते’ असं लिहा. त्या एका ओळीमुळे तंत्रज्ञाला नेमकं कुठे बघायचं ते कळतं.