काट्याच्या जोडीला टेप हवी

उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, त्यातून शंभर वजा करा, उरतील तेवढे किलो हे तुमचे योग्य वजन. हा हिशेब आपल्याकडे पुष्कळांना तोंडपाठ असतो. जिममधले ट्रेनर तो सांगतात, स्थळे बघणारी मंडळी तो मनातल्या मनात करतात आणि दवाखान्यात काट्याशेजारी लावलेला तक्ताही बऱ्याचदा त्याचाच भाऊबंद असतो. सोपा आहे म्हणून तो टिकला. पण आपल्या शरीरांच्या बाबतीत तो नको त्या बाजूला चुकतो, आणि हे स्पष्ट सांगायला हवे.

ही वजाबाकी एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्या नावावर आहे. बीएमआय, म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे सूत्र त्याहून जुने. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडोल्फ केटले यांनी १८३०च्या दशकात ते मांडले, तेव्हा ते ‘सरासरी माणूस’ शोधत होते. लठ्ठपणाशी त्यांना कर्तव्य नव्हते. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी अनेक देशांतल्या सात हजारांवर पुरुषांची मापे तपासली आणि या भागाकाराला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. त्या अभ्यासात बाई एकही नव्हती. मोठ्या लोकसमूहांची तुलना करायला हे माप चांगले आहे, पण समोर बसलेल्या एका माणसाच्या अंगात स्नायू किती आणि चरबी किती, हे त्यातून कळत नाही.

आता वजाबाकी करून बघा. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला ती ६५ किलो देते. त्याचा बीएमआय येतो २३.९. पाश्चात्त्य तक्त्यात सर्वसाधारण वजनाची मर्यादा २५ पर्यंत असल्याने तिथे तो बिनधास्त बसतो. पण २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेल्या निकषांनुसार आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानेही २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ हा सावध होण्याचा टप्पा सांगितला होता. त्या हिशेबाने या माणसाचे वजन साधारण ५० ते ६२ किलोंच्या दरम्यान असायला हवे. उंची वाढेल तशी वजाबाकी अधिकच सैल होत जाते: १५० सेंटिमीटरला तिचा बीएमआय २२.२ येतो, तर १८० सेंटिमीटरला २४.७.

आपल्यासाठी रेघ खाली का ओढायची, याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे असलेले एक छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! काट्याने दोघांना एकाच रांगेत बसवले होते, आतला मामला मात्र दुपटीहून वेगळा निघाला. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळेही मोजली. ती सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण खांद्याच्या पात्याखालची चरबी त्या मानाने जवळपास राखलेली. हडकुळे दिसणारे पोरही आतून चरबी बाळगून जन्माला येते, आणि हा सांगाडा आयुष्यभर सोबत राहतो. पुढे खाणेपिणे सुधारले आणि हालचाल थांबली, की वाढणारे किलो आधी पोटात जाऊन बसतात. यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठणारी ही चरबी इन्सुलिनला दाद देत नाही. मधुमेहाची वाट तिथून सुरू होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. १० कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह असल्याचा अंदाज त्यात आहे. त्याच पाहणीत बीएमआयनुसार लठ्ठ ठरलेले प्रौढ २८.६ टक्के, तर कंबरेच्या मापाने लठ्ठ ठरलेले ३९.५ टक्के. म्हणजे उंची आणि वजन एवढेच विचारणाऱ्या तपासणीतून दर दहांतला एक जण तरी निसटतो, आणि ‘तुमचं वजन अगदी बरोबर आहे’ हे ऐकून निर्धास्त घरी जातो.

पुरुषांना तर कंबर वाढल्याचा पत्ताच लागत नाही. पोट सुटायला लागले की पँट हळूहळू खाली सरकते आणि ढेरी पट्ट्याच्या वर येते. शिंप्याला सांगायचा आकडा वर्षानुवर्षे चौतीसच राहतो. तेव्हा पँटच्या मापावर जाऊ नका. शिवणकामाच्या डब्यातली टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपा. त्या दोहोंच्या मधोमध, सहसा बेंबीच्या आसपास, उघड्या अंगावर टेप आडवी धरा. पोट आत ओढायचे नाही. श्वास सहज सोडा आणि वाचा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही आपली मर्यादा. टेप नसेल तर उंचीइतकी सुतळी कापून दुहेरी दुमडा. ती कंबरेभोवती पुरायला हवी. (अठरा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना यातले काहीही लावू नये, त्यांचे तक्ते वेगळे असतात.)

या सगळ्यातून ‘वजन उतरवा’ एवढाच निरोप घराघरांत गेला तर मात्र नुकसान होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के बायका जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या, पण १८.७ टक्के बायकांचा बीएमआय १८.५ च्याही खाली होता. लग्न ठरले म्हणून रात्रीचे जेवण सोडणारी पंचेचाळीस किलोंची मुलगी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिला गरज आहे ती स्नायूंची. काडीसारखे हातपाय आणि पुढे आलेले पोट अशा मध्यमवयीन माणसालाही उपास करून काटा खाली आणल्याने फारसे हाती लागत नाही. उपासात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते आधीच तुटपुंजे आहेत. त्याच्या ताटात उसळ, डाळ, अंडे, मासे किंवा दही वाढले पाहिजे आणि दिवसात बैठका, जोर, जिने यांना जागा मिळाली पाहिजे. वजन तेवढेच राहून कंबर चार सेंटिमीटर उतरली तर ती मोठी कमाई समजावी.

गावातल्या आशाताईंना हे माहीत आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी त्या जो सरकारी तपासणी तक्ता भरतात, त्यात कंबरेच्या मापाला गुण आहेत. पुरुषाची कंबर ९० च्या वर गेली की एक गुण, १०० च्या वर गेली की दोन. तंबाखू, दारू, व्यायाम आणि घरातला आजार यांचे गुण धरून बेरीज चारच्या वर गेली, तर त्या माणसाला आधी तपासणीला पाठवायचे. म्हणजे वाडीवस्तीवर टेप पोचली आहे. शहरातल्या खासगी दवाखान्यांनी, कंपन्यांच्या वार्षिक तपासण्यांनी आणि विमा उतरवताना होणाऱ्या चाचण्यांनी केसपेपरवर वजनाच्या रकान्याखाली कंबरेचा रकाना छापावा आणि तो कोरा ठेवू नये.