आधी मोह, मग हॅलोअल्केन

बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात हॅलोअल्केनचा धडा आधी येतो, अल्कोहोलचा नंतर. बालाघाट जिल्ह्यात रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांनी हा क्रम उलटावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. बैहरकडच्या मुलांनी ब्रोमोइथेन पाहिलेलं नसतं. मार्च-एप्रिलात पहाटे झाडाखाली पडलेली मोहफुलं मात्र त्यांनी वेचलेली असतात. फुलांतली साखर आंबते, इथेनॉल होतं. ते ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. म्हणून भट्टीवरच्या मडक्यातून आधी निघणाऱ्या वाफेत इथेनॉल जास्त असतं. ऊर्ध्वपातन गावात आधीच माहीत आहे, फक्त त्याला नाव द्यायचं आहे.

मग प्रश्न टाका. इथेनॉलचा रेणुभार ४६, क्लोरोइथेनचा ६४.५. जड रेणू उशिरा उकळायला हवा ना? क्लोरोइथेन १२ अंशांनाच उकळतं, कारण त्याच्या रेणूंना एकमेकांशी हायड्रोजन बंध जोडता येत नाहीत. ब्रोमोइथेन ३८ अंशांना उकळतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. ती बाटली थंड जागी का ठेवायची, हे मुलं मग स्वतःच सांगतात.

उन्हाळ्याचा खरा फटका ल्युकास चाचणीला बसतो. शुष्क झिंक क्लोराइड आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की तृतीयक अल्कोहोल लगेच गढूळ होतं, द्वितीयकाला सुमारे पाच मिनिटं लागतात, प्राथमिक स्वच्छच राहतं. हा गढूळपणा म्हणजे आम्लात न विरघळणारं हॅलोअल्केन; दोन्ही धडे एकाच परीक्षानळीत भेटतात. पण पुस्तकातला वेळ सौम्य तापमानाचा आहे. चाळीस अंशांच्या प्रयोगशाळेत द्वितीयक अल्कोहोल घाई करतं आणि मुलं त्याला तृतीयक ठरवतात. चूक त्यांची नसते. परीक्षानळ्या माठातल्या पाण्यात ठेवा, शेजारी टर्शरी ब्युटाइल अल्कोहोलची एक नळी तुलनेसाठी लावा.

आणखी एक गोष्ट टाळू नये. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. यकृतात त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं. तेच आम्ल दृष्टी नेतं. ज्या विकराने इथेनॉलचं ऑक्सिडीकरण होतं, त्यानेच मिथेनॉलचंही होतं, म्हणून रुग्णालयात इथेनॉल उताऱ्यासारखं वापरता येतं. प्राथमिक अल्कोहोलच्या ऑक्सिडीकरणाचं याहून गंभीर उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

मुलं विचारतीलच, आयोडोफॉर्म चाचणीने विषारी दारू ओळखता येईल का? येणार नाही. इथेनॉल पिवळा साका देतं, मिथेनॉल देत नाही. पण दोन्ही एकत्र असली तरी साका पिवळाच येतो. मिथेनॉल शोधायचं तर परमँगनेटने त्याचं फॉर्मल्डिहाइड करून क्रोमोट्रॉपिक आम्लाचा जांभळा रंग पाहावा लागतो. आयोडोफॉर्म चाचणी शिकवाल त्या दिवशी पिवळ्या साक्याची ही मर्यादा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.