पिंजरा उचलल्यानंतर

दिवाळीच्या दिवसांत जालना जिल्ह्यात कापसाची वेचणी चालू असते, तूर फुलोऱ्यावर असते आणि बागांमध्ये मोसंबी उतरवणीला आलेली असते. नेमक्या याच वेळी वानरांचा कळप शिवारात उतरला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यात आहे आणि वेशीवर मारुती नसलेले गाव इथे शोधूनही सापडायचे नाही. वानरावर उगारलेला हात आपोआप थांबतो. मग ठराव होतो, वन विभागाकडे अर्ज जातो, पिंजरा येतो, कळप गाडीतून दूर कुठे तरी सोडला जातो आणि कागदपत्रांची फाइल बंद होते.

या दिवाळी अंकाला प्रश्न पडला आहे तो त्यापुढचा. सोडलेल्यांपैकी जगले किती? पिल्ले वाचली का? ज्या गावातून कळप नेला तिथली नासधूस खरोखर कमी झाली, की रिकाम्या जागी दुसरा कळप आला?

२०२५ मध्ये राज्य सरकारने माकडे पकडण्याचे दर ठरवून दिले. दहा माकडांपर्यंत प्रत्येकी ६०० रुपये, त्यापुढे ३०० रुपये, कमाल मर्यादा १०,००० रुपये. पकडल्याचे चित्रण करायचे आणि माकडे वस्तीपासून किमान १० किलोमीटर लांब सोडायची, अशाही अटी आहेत. नोंद ठेवण्याची सक्ती झाली हे उत्तमच. मात्र मोजले जाते ते पकडलेले माकड, आणि पैसाही त्याच आकड्यावर. शिवाय जालना हा राज्यातल्या सर्वांत कमी जंगलाच्या जिल्ह्यांपैकी एक, वनाच्छादन जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. इथे एका वस्तीपासून दहा किलोमीटर लांब गेले की दुसऱ्या गावाची वेस लागते.

गोदावरीपलीकडे, बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातील लवूळ गाव डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजले. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेत होती. मेलेल्या पिल्लांचे आकडे बातमीगणिक फुगत गेले. नागपूरहून आलेल्या पथकाने दोन वानरे पकडली आणि विषय संपला. वानरे तशी का वागू लागली, पकडलेल्या त्या दोघांचे पुढे काय झाले, हे विचारायला मात्र कॅमेरे पुन्हा आले नाहीत.

ही उणीव केवळ मराठवाड्याची नाही. २०२० मध्ये जेसिका युंकर आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांनी माकडे, वानरे, कपी यांच्यावरचे सुमारे १३,००० अभ्यास चाळले. एखाद्या संरक्षण उपायाचा खरोखर परिणाम झाला का, हे तपासणारे अभ्यास निघाले फक्त ८०. त्यांनी यादीत घेतलेल्या १६२ उपायांपैकी निम्म्याहून अधिक कधी आकडेवारीने तपासलेच गेलेले नव्हते. पैसा, माणसे, वर्षे खर्ची पडत होती ती बऱ्याच अंशी भरवशावर.

तपासले तर काय हाती लागते, हे विरुंगाच्या ज्वालामुखी पर्वतांनी दाखवले आहे. रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरच्या या रांगेत १९८१ मध्ये पर्वतीय गोरिला २५४ उरले होते, २०१६ पर्यंत ते ६०४ झाले. एवढ्यावर समाधान मानता आले असते. पण मार्था रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकाच जंगलातले दोन प्रकारचे कळप शेजारी ठेवून पाहिले. माणसाळलेल्या कळपांवर रोज पहारा होता, फासात अडकलेल्यांवर पशुवैद्य उपचार करत होते. हे कळप वर्षाला सुमारे ४.१ टक्क्यांनी वाढले. बाकीच्यांना फक्त नेहमीची गस्त मिळत होती, ते ०.७ टक्क्यांनी घटले. एकूण बेरीज पाहिली असती तर ही तफावत दडूनच राहिली असती. उपाय केलेला आणि न केलेला कळप यांची अशी तुलना हेच मूल्यमापनाचे मर्म आहे.

जालन्यासाठी याहून नाजूक एक बाब आहे. लाल तोंडाच्या माकडांच्या दोन जाती भारतात मोठ्या प्रमाणावर आढळतात. आखूड शेपटीचे ऱ्हिसस उत्तरेचे. लांब शेपटीचे, डोक्यावर केसांची टोपी असलेले बॉनेट दक्षिणेचे आणि फक्त भारतातच सापडणारे. त्यांच्यामधली ढोबळ सीमा म्हणजे तापी आणि गोदावरी. बेंगळुरूच्या सिंधू राधाकृष्ण आणि अनिंद्य सिन्हा यांच्या गटाने २०११ मध्येच दाखवून दिले की ऱ्हिसस ही सीमा ओलांडून दक्षिणेकडे सरकत आहे आणि बॉनेटला हटवत आहे. बॉनेट आज धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गणले जाते. जालन्याची दक्षिण हद्दच गोदावरी आहे. अशा जिल्ह्यात पकडल्याच्या नोंदीत नुसते ‘माकड’ लिहून प्राणी नदीच्या या तीरावरून त्या तीरावर गेला, तर एका गावाची सोय पाहताना एका जातीची कोंडी होऊ शकते.

जालन्यात असे मूल्यमापन करायला मोठ्या निधीची गरज नाही. अंबड, घनसावंगी, परतूर या नदीकाठच्या तालुक्यांतली काही गावे निवडावीत. निम्म्या गावांत पिंजरा लागावा, निम्म्या गावांत राखण आणि कचऱ्याचा बंदोबस्त व्हावा. जात, नर-मादी, पिल्लांची संख्या, सोडल्याचे ठिकाण आणि दर हंगामातले पिकांचे नुकसान एकाच नमुन्यात लिहिले जावे. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागातले विद्यार्थी ही मोजणी आनंदाने करतील. वन विभागाने ते आकडे, चांगले असोत की वाईट, तालुक्याच्या ठिकाणी दरवर्षी लावावेत. अशी मोजणी सुरू करणाऱ्या गावांचे आकडे छापायला पुढच्या दिवाळी अंकाची पाने राखून ठेवली आहेत.