सातवा की आठवा? पोटातल्या दिवसांचा हिशेब

‘सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही,’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी ऐकलेले असते. सांगणारी आजी किंवा मावशी ते मोठ्या खात्रीने सांगते. वैद्यकशास्त्रात मात्र या समजुतीला कसलाही आधार नाही. गर्भारपण निरोगी असेल, तर पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. मग कधी कधी डॉक्टर सातव्या-आठव्या महिन्यातच ‘बाळंतपण करावे लागेल’ असे का सांगतात?

अशा वेळी बरेचदा कारण असते प्री-एक्लेम्पसिया. गर्भारपणाचे 20 आठवडे उलटल्यावर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर जातो आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात किंवा यकृत, मूत्रपिंड अशा एखाद्या अवयवावर परिणाम दिसू लागतो. रक्तदाब 160/110 च्या घरात पोहोचला, की दुखणे तीव्र झाले असे समजतात. त्यापुढची पायरी म्हणजे झटके.

हे दुखणे 34 आठवड्यांच्या आधी उद्भवले की नंतर, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. लवकर येणाऱ्या प्रकारात मूळ दोष बहुधा वारेचा असतो. गर्भाशयातील ज्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात, त्या अरुंदच राहतात. वारेला रक्त कमी पडते आणि बाळाची वाढ खुंटते. म्हणजे बाळ आधीच लहान, त्यात वेळेआधी जन्माला येणार. आईलाही धोका अधिक. उशिरा येणारा प्रकार जास्त आढळतो, पण त्यात बाळ बहुधा पुरेसे वाढलेले असते. बाळंतपण उरकून घेणे हा निर्णय तिथे तुलनेने सोपा ठरतो.

कारण या दुखण्यावर खरा इलाज एकच, तो म्हणजे बाळ आणि वार बाहेर काढणे. गोळ्यांनी रक्तदाब उतरतो, दुखणे जात नाही.

आता 29 आठवडे झालेल्या बाईचे काय करायचे? 1994 साली अमेरिकेत मेम्फिस येथील डॉ. बहा सिबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी 28 ते 32 आठवड्यांच्या 95 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचे बाळंतपण लगेच केले, काहींना रुग्णालयात कडक देखरेखीखाली थांबवले. थांबलेल्यांना सरासरी 15 दिवस मिळाले आणि त्यांच्या बाळांचा अतिदक्षता विभागातील मुक्काम सरासरी 36 दिवसांवरून 20 दिवसांवर आला. पण 2013 साली लॅटिन अमेरिकेतील आठ रुग्णालयांच्या अभ्यासात थांबण्याचा बाळांना विशेष लाभ दिसला नाही. उलट वार आधीच सुटून रक्तस्राव होण्याचे प्रमाण वाढले. तेव्हा डॉक्टर सकाळी ‘थांबू’ म्हणाले आणि संध्याकाळी ‘आता नाही’ म्हणाले, तर त्यांचा गोंधळ उडाला असे समजू नये. प्लेटलेट घसरल्या, बाळाचे ठोके बिघडले, की हिशेब तासाभरातही बदलतो. मात्र 34 आठवडे झाल्यावर दुखणे तीव्र असेल तर थांबत नाहीत.

निदान दोन दिवस मिळावेत अशी धडपड असते, तीही उगीच नाही. न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. आधी स्टेरॉइड दिलेली कोकरे अपुऱ्या दिवसांची असूनही श्वास घेतात, हे त्यांच्या लक्षात आले. 1972 मध्ये त्यांनी व रॉस हॉवी यांनी गर्भवतींना हे इंजेक्शन देऊन बाळांची फुप्फुसे लवकर तयार होतात हे दाखवले. आज आपल्याकडे डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी देतात. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट असते. 2002 साली 33 देशांतील दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत त्याने हा धोका निम्म्याहून अधिक घटला. दोन्ही औषधे स्वस्त आहेत.

पण त्यासाठी दुखणे वेळेवर ध्यानात यायला हवे, आणि नेमके इथेच आपल्या घरांत घोटाळा होतो. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. प्रवास, ओटीभरण, डोहाळजेवण, नव्या डॉक्टरांची शोधाशोध, यांत दोन-तीन आठवडे तपासणीच होत नाही. जुनी फाइल सासरीच राहते. लवकर येणाऱ्या दुखण्याचे दिवस हेच! डोके ठणकले, मळमळले, की ‘पित्त झालंय गं’ म्हणून आई कोकमाचे सरबत पुढे करते. लेकीला पित्त असेलही, पण न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली कळ, चेहऱ्यावर अचानक सूज यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रक्तदाब मोजायला हवा. नुसती पायांवरची सूज पुष्कळजणींना येते. तिच्यावरून निदान करता येत नाही, आणि ती नाही म्हणून निर्धास्तही राहता येत नाही. खरे तर डोहाळजेवणाच्या दिवशी वाडीचा थाट करण्याआधी कुणीतरी मुलीचा रक्तदाब मोजून घ्यावा, असे मला फार वाटते.

आधीच्या खेपेला हे झाले असेल, जुळे असेल, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच डॉक्टरांना अ‍ॅस्पिरिनविषयी विचारावे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत धोका जास्त असलेल्या स्त्रियांना रोज रात्री 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्याने 37 आठवड्यांआधीचा प्री-एक्लेम्पसिया 62 टक्क्यांनी कमी झाला. दिवस भरल्यावर येणाऱ्या प्रकारात मात्र तसा फरक पडला नाही. ही गोळी मनाने घ्यायची नाही. तपासणीची अडचण असेल, तर सरकारी रुग्णालयांत 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते.

आणखी एक. बाळंतपण झाले की सगळे बाळाभोवती गोळा होतात. पण आईचा रक्तदाब बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत जास्त चढू शकतो आणि झटके तेव्हाही येऊ शकतात. त्या दिवसांत बाळंतीण बहुधा घरी आलेली असते. बारशाची यादी सुरू असते, आणि ती ‘डोकं दुखतंय’ म्हणाली तर जागरणाने दुखत असेल, असे सांगून तिला निजवले जाते.